फर्निचरवर कागद गुळगुळीत बसत नाही? आधी पाण्याकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा: तीन खणांच्या जुन्या लाकडी कपाटावर डेकूपाज, म्हणजे छापील कागद चिकटवून वर व्हार्निश देण्याचं काम, करायला घेतलं आहे. वरच्या फळीवर फुलांचा पेपर नॅपकिन आणि खणांच्या दर्शनी बाजूंवर जाडसर छापील कागद. लावताना सगळं सपाट दिसतं, पण दहा मिनिटांत सुरकुत्या उठतात. बोटाने दाबायला गेलं की नॅपकिन फाटतो. व्हार्निश मारलं की जिथे काही नव्हतं तिथे फुगे येतात, आणि कागदाच्या कडा हाताला लागत राहतात. हात नेमका कुठे चुकतोय?

हात फारसा चुकत नाहीये. तुम्ही सांगितलेल्या चारपैकी तीन तक्रारींचं मूळ एकच आहे, ते म्हणजे पाणी. कागद लाकडाच्या तंतूंचा बनलेला असतो आणि हे तंतू पाणी प्यायले की फुगतात. जाडीत बरेच फुगतात, लांबीत जवळजवळ नाहीत. कारखान्यात कागद बनताना बहुतेक तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने लोळतात, त्यामुळे ओला कागद एका दिशेला नावापुरता वाढतो आणि तिच्या आडव्या दिशेला चांगलाच. साध्या, चकाकी नसलेल्या कागदात ही आडवी वाढ एक-दोन टक्क्यांची असते. ऐकायला कमी वाटतं. पण ५० सेंटीमीटर रुंदीचा कागद १ टक्का वाढला तर ५ मिलिमीटर कागद जास्तीचा झाला. कडा तोवर चिकटलेल्या असतील तर हे ५ मिलिमीटर जाणार कुठे? वर उठणार. तीच तुमची सुरकुती.

म्हणून लावताना सपाट दिसतं आणि मग बिघडतं. तुम्ही कोरडा कागद ओल्या गोंदावर ठेवता, तो चिकटतो, आणि त्यानंतर गोंदातलं पाणी पिऊन वाढायला लागतो. यावर मार्ग दोनच. कागदाची वाढ चिकटण्याआधीच पुरी होऊ द्यायची, नाहीतर त्याला पाणी मिळूच द्यायचं नाही. जाड कागदाला पहिला मार्ग, नॅपकिनला दुसरा. सगळ्या कागदांना एकच कृती लावली की निम्मे कागद बिघडणारच, आणि शिकवणारे बहुतेक जण नेमकं तेच करतात.

तयारीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांना माहीत असते आणि तरी बरेच जण ती टाळतात. साबणाच्या पाण्याने मेणचटपणा काढा. आधी मेणाचं पॉलिश असेल तर मिनरल टर्पेंटाइनने पुसा, नाहीतर वरचं काहीच धरणार नाही. खाचा लांबीने किंवा वुड फिलरने भरा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून १८० आणि २२० पर्यंत या. रंग फार जुना असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरा आणि कोरडं घासू नका. आधी तपासून घ्या, नाहीतर न घासता दुसरा उपाय शोधा. उघड्या रंध्रांचं लाकूड असेल, म्हणजे ओक किंवा सागासारखं, तर रंध्रं भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. नॅपकिन वाळताना त्या प्रत्येक रेघेत उतरतो. जुन्या लाकडातला पिवळा-तपकिरी रंग पांढऱ्या थरातून वर येऊ नये म्हणून चपड्याचा, म्हणजे शेलॅकचा प्रायमर मारावा. त्यावर पांढरा किंवा फिका रंग, कारण पातळ कागद ओला झाला की पारदर्शक होतो आणि खालचं सगळं दाखवतो. गडद रंगावर फुलांचा नॅपकिन लावला की फुलं दिसेनाशी होतात.

तयारीतली एक गोष्ट मात्र क्वचितच कोणी सांगतं. खडूसारखा मॅट रंग दिलेला पृष्ठभाग गोंदातलं पाणी झपकन शोषून घेतो. गोंद अर्ध्या मिनिटात घट्ट होतो आणि कागद सरकवायला वेळच मिळत नाही. अशा रंगावर आधी गोंदात तेवढंच पाणी घालून त्याचा एक पातळ हात मारायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. मग वरचा खरा गोंद वर ओला राहतो आणि कागद हवा तसा फिरवता येतो. उलट, चकचकीत रंग किंवा सनमायका असेल तर गोंद धरतच नाही. तिथे २२० ने चकाकी मारून घ्यायची आणि गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा खास प्रायमर द्यायचा. रंग नुसता हाताला कोरडा लागला म्हणजे तयार झाला असं समजू नका. ताज्या रंगावर गोंदाचं पाणी पडलं की खालचा रंगच मऊ होऊन सुटतो, आणि दोष कागदाच्या माथी येतो.

आता गोंद. "अर्धा गोंद, अर्धं पाणी" हा सल्ला जिकडेतिकडे मिळतो. निम्म्या सुरकुत्या त्याच्याच आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी दुप्पट केलं की कागदाला प्यायलाही दुप्पट मिळतं. जाड छापील कागदाला लाकडाचा पांढरा पीव्हीए गोंद बिनपाण्याचा किंवा फार तर तीन भाग गोंदाला एक भाग पाणी, इतकाच पातळ करावा. मोठा कागद असेल आणि सावकाश काम करायचं असेल तर वॉलपेपरची मिथाइल सेल्युलोजची खळ उत्तम. ती उशिरा वाळते, कागद तिच्यावर छान सरकतो, आणि पीव्हीएमध्ये थोडी मिसळली तर दोन्हीचे गुण मिळतात. घरी शिजवलेली पिठाची खळही सरकायला छान असते, पण फर्निचरला मी ती लावत नाही, कारण कसरीला ती फार आवडते.

गोंद ब्रशने फासण्यापेक्षा छोट्या फोम रोलरने पसरा. ब्रशच्या रेघा ओल्यात दिसत नाहीत. वाळल्यावर कागद त्या रेघांवर टेकतो आणि तिरक्या उजेडात प्रत्येक रेघ मोजता येते. थर किती असावा? ओला, चमकणारा, पण रोलर फिरवल्यावर त्यात डबकी न राहणारा. गोंद जास्त झाला तर तो दाबताना मधेच साठतो आणि त्याची गाठ वाळून टणक होते. ही गाठ नंतर कशानेच जात नाही.

खणांच्या दर्शनी बाजूंपासून सुरुवात करू, कारण तिथे जाड कागद आहे. प्रथम ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा ओळखा. कागदाचा एक छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला करा. तो लगेच वळून नळी होऊ लागेल. नळीची लांबी ज्या दिशेने असते, ती तंतूंची दिशा. कागद जास्त वाढतो तो तिच्या आडवा. खण रुंदीला लांब आणि उंचीला बुटका असतो, म्हणून तंतू खणाच्या लांबीच्या दिशेने येतील असा कागद कापा. मग जास्तीची वाढ बुटक्या बाजूला होईल, जिथे ती बाहेर ढकलायला अंतर कमी आहे. नक्षीची दिशा यात आडवी आली तर नक्षीचं ऐका. ग्रेनसाठी फुलं आडवी करण्यात अर्थ नाही. फक्त मग भिजवण्याची पायरी अजिबात गाळू नका.

कागद चारही बाजूंनी दीड-दोन सेंटीमीटर मोठा ठेवा. खणाच्या मापात अचूक कापून मग चिकटवणं हा सर्वांत सामान्य प्रकार आणि सर्वांत त्रासाचा. तो वाढतो, वाळताना आक्रसतो, आणि कडेला कुठे बाहेर तर कुठे आत राहतो.

भिजवणं असं: कागदाची मागची बाजू ओल्या स्पंजने सारखी ओली करा, नाहीतर पसरट ताटात पाणी घेऊन कागद एक-दोन मिनिटं त्यात ठेवा. सुरुवातीला तो वळतो, वेडावाकडा होतो. नंतर शांत होऊन लोळतो. तो लोळला म्हणजे वाढ पुरी झाली. कोरड्या सुती फडक्यावर ठेवून वरचं पाणी टिपा. कागद दमट हवा, निथळता नको. आता गोंद लावलेल्या खणावर तो ठेवलात तर पुढे वाढायला त्याच्यात काही उरलेलं नाही. वाळताना तो फक्त आक्रसणार आणि ढोलाच्या कातड्यासारखा ताणून बसणार. म्हणूनच भिजवून लावलेला कागद वाळेपर्यंत थोडा लाटांचा दिसला तरी घाबरू नका. सकाळपर्यंत त्या लाटा ताणल्या जातात.

या पद्धतीला दोन अपवाद आहेत. इंकजेटवर छापलेला कागद भिजवला की शाई पसरते. तो आधी अॅक्रिलिक फिक्सेटिव्हच्या स्प्रेने दोन-तीन पातळ हात देऊन बंद करावा लागतो आणि तरीही पाण्यात बुडवू नये. लेझर प्रिंटरची छपाई पाण्याने पसरत नाही, म्हणून स्वतः छापून घेत असाल तर लेझरच घ्या. दुसरा अपवाद जोडांचा. दोन भिजवलेले कागद कडेला कड भिडवून लावले तर वाळताना दोन्ही आक्रसतात आणि मधे फट पडते. त्यांना २-३ मिलिमीटर एकमेकांवर चढवा. किंवा जास्त चढवून, गोंद ओला असतानाच पट्टी ठेवून नव्या पात्याने दोन्ही थर एकदम कापा आणि वरची-खालची कातरण काढून टाका, वॉलपेपर लावणारे करतात तसं. पण ओला कागद जुन्या पात्याने फाटतो, कापला जात नाही, तेव्हा पातं बदलण्यात कंजुषी नको.

प्रत्यक्ष लावताना वरची कड आधी रेषेत बसवा आणि उरलेला कागद एका हाताने तिरका उचलून धरा. गोंद दहा-पंधरा सेंटीमीटरच्या पट्ट्यात लावत, कागद तेवढाच खाली सोडत या. प्रत्येक पट्टा मधोमध टेकवून तिथून दोन्ही कडांकडे आणि खाली ढकला. बोटाने नाही. बोटाचा दाब एका टिंबावर येतो, तिथला ओला कागद ताणला जातो आणि शेजारी घडी उठते. रबरी रोलर वापरा, नाहीतर जुन्या प्लास्टिक कार्डाला मऊ फडकं गुंडाळून घ्या. कागदावर क्लिंग फिल्मचा, म्हणजे अन्न झाकायच्या पातळ पारदर्शक प्लास्टिकचा, तुकडा अंथरून तिच्यावरून रोलर फिरवला तर कागद घासला जात नाही आणि छपाई खरवडत नाही. पहिल्या एक-दोन मिनिटांत काही वाकडं गेलं तर जवळच्या कोपऱ्यातून उचला आणि पुन्हा सोडा. त्यानंतर उचलू नका. अर्धवट चिकटलेला ओला कागद उचलताना जेवढा बिघडतो तेवढा तो तसाच ठेवून कधी बिघडत नाही.

मग हात काढून घ्या. हे सगळ्यात कठीण. पंखा बंद, ऊन नको, केस वाळवायचा ड्रायर तर नकोच. एका भागातून पाणी झटपट उडालं की तो भाग आधी आक्रसतो आणि शेजारच्या ओल्या कागदाला ओढतो. रात्रभर तसंच राहू द्या.

नॅपकिनचा प्रकार अगदी वेगळा. तो दोन किंवा तीन पदरांचा असतो आणि छापलेला फक्त वरचा. कोपऱ्यावर चिकटपट्टी लावून ओढली की पदर सुटतात. हे काम घाईने करू नका, कारण खालचा पांढरा पदर अर्धवट चिकटून राहिला तर तो गोंदाला धरतो आणि वरचा छापील पदर त्याच्यावरून सुटत राहतो. असे फुगे नंतर कशानेच बसत नाहीत, कारण गोंद त्या दोन पदरांच्या मधे पोचतच नाही. एकटा पदर इतका विरळ असतो की ओल्या गोंदाला लागताक्षणी भिजतो, मऊ पडतो, आणि तुमच्या बोटाखाली फाटतो. तुमचा नॅपकिन याचमुळे फाटत होता.

म्हणून त्याला पाणीच द्यायचं नाही. फळीवर पीव्हीए गोंदाचा, थोडं पाणी घातलेला, सारखा हात मारा. वाळल्यावर दुसरा हात. तोही पूर्ण वाळू द्या, अगदी चिकटपणा जाईपर्यंत. पीव्हीए उष्णतेने मऊ होतो आणि थंड झाला की पुन्हा घट्ट धरतो. या गुणाचा फायदा घ्यायचा. वाळलेल्या गोंदावर नॅपकिनचा छापील पदर कोरडाच अंथरा, हवा तसा सरकवा, घाई काहीच नाही. वर बटर पेपर ठेवा आणि मध्यम गरम, वाफ बंद केलेली इस्त्री मधोमध टेकवून दहा-पंधरा सेकंद दाबा. इस्त्री ओढायची नाही, उचलून शेजारी ठेवायची. मधून कडांकडे जा. बटर पेपर काढून थंड झाल्यावर नखाने कड उचकटून पाहा. सुटत असेल तर पुन्हा दाबा. या पद्धतीत सुरकुतीला जागाच नाही, कारण कागद वाढतच नाही. फक्त तुमच्या गोंदाची आधी फळीच्या तुकड्यावर चाचणी घ्या. पाणी न शिरणारे काही गोंद वाळल्यावर उष्णतेला फारसे मऊ होत नाहीत. खाली जुनं मेण किंवा नाजूक पॉलिश असेल तर इस्त्री वर्ज्य.

इस्त्री करता येणार नाही अशा जागी, म्हणजे पायांवर किंवा नक्षीच्या गोलाईवर, ओली पद्धत लागते. तिथे नॅपकिनचे मोठे तुकडे लावू नका. कात्रीने सरळ कापण्यापेक्षा ओल्या बारीक ब्रशने रेघ ओढून त्या रेघेवर हलकेच फाडा. फाटलेल्या कडेला सुटे तंतू राहतात, ते शेजारच्या रंगात विरघळल्यासारखे दिसतात आणि जोड शोधावा लागतो. तुकडा गोंदावर टेकवा आणि क्लिंग फिल्मच्या आडून दाबा. ब्रशने कधीच नाही.

गोलाईबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवली की डोकं शिणत नाही. कागद एका दिशेने वाकतो, दोन दिशांनी एकदम नाही. गोल खांबावर तो सुरेख गुंडाळला जातो. पण घुमटासारख्या उठावावर अखंड कागद गुळगुळीत बसवणं शक्यच नाही, कितीही रोलर फिरवा. तिथे कडेपासून आत चिरा द्यायच्या, पाकळ्यांसारखे भाग एकमेकांवर किंचित चढवायचे. आतल्या कोनात, जिथे फळी उभ्या बाजूला भेटते, तिथे अखंड कागद लावला तर वाळताना आक्रसून कोपऱ्यापासून सुटतो आणि मागे पोकळी राहते. कोपऱ्याच्या रेषेवर कागद कापून दोन भाग वेगळे बसवा.

खणाच्या कडेला जास्तीचा कागद पात्याने कापू नका. पूर्ण वाळल्यावर २२० चा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून कडेवर तिरका धरा आणि फक्त एकाच दिशेने, दर्शनी बाजूकडून खाली, घासा. दोन-चार फेऱ्यांत कागद रेषेवर तुटून पडतो, आणि कड आपोआप उतरती होते. उलट घासलं तर कागद उचकटतो. कागद खणाच्या बाजूंवर वळवायचा मोह टाळा. खण आणि चौकटीमधली फट आधीच जेमतेम असते, त्यात कागद आणि व्हार्निशचे पाच-सात थर आले की पावसाळी दमट हवेत खण अडकून बसतो. मुठीच्या भोकांवर कागद अखंड लावा आणि वाळल्यावर मागून सुई टोचून जागा शोधा.

सकाळी फळीवर टॉर्च आडवी धरून बघा. समोरून पाहिलं तर काही कळत नाही. आता दिसेल त्याचे तीन प्रकार असतात आणि तिघांचं औषध वेगळं. हलकी लाट, जिच्यावर नख वाजवलं तर भरीव आवाज येतो, ती आणखी एक दिवस वाळू द्या. बहुधा बसते. नख वाजवल्यावर पोकळ आवाज आला तर खाली हवा आहे. नव्या पात्याने चित्रातल्या एखाद्या रेघेवरून, पानाच्या देठावरून वगैरे, बारीक चीर द्या, ओल्या स्पंजने ती जागा दमट करून काही मिनिटं थांबा, सिरिंजने गोंदाचा एक थेंब आत सोडा आणि क्लिंग फिल्मवरून रोलर फिरवा. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने टिपा. नाहीतर तिथे व्हार्निशखाली चकाकणारा डाग राहतो.

तिसरा प्रकार पक्की घडी, कागद स्वतःवर दुमडून चिकटलेला. तिला पाणी लावून उलगडायला जाऊ नका. व्हार्निशचे दोन हात मारा, म्हणजे कागद कडक होईल, आणि मग ३२० च्या पॉलिश पेपरने घडीचं टोक छाटल्यासारखं घासा. पांढरी रेघ उघडी पडेल, ती रंगीत पेन्सिलीने किंवा अॅक्रिलिक रंगाच्या टिंबाने झाकायची. याहून सोपा इलाज म्हणजे त्या जागेवर आणखी एक फूल कापून चिकटवणं. ही लबाडी वाटत असेल तर वाटू द्या. डेकूपाजमध्ये एकावर एक कागद चढवणं मुळातच रूढ आहे.

आता व्हार्निश मारल्यावर येणाऱ्या फुग्यांबद्दल. पाण्यावर चालणारं व्हार्निश म्हणजे पुन्हा पाणीच. पहिला हात ओला आणि जाड दिला की कागद वरून पाणी पितो आणि जिथे खाली गोंद कमी होता तिथे वर उठतो. घाबरून लगेच दाबू नका. बहुतेक फुगे वाळताना बसतात, आणि दाबल्याने मात्र मऊ झालेला कागद चिरडतो. जे वाळूनही बसले नाहीत तेवढ्यांनाच वरची सिरिंज. पहिला हात अगदी कोरडट ठेवा: मऊ रुंद ब्रश, त्यावर थोडं व्हार्निश, एकदा फिरवायचं आणि पुन्हा त्याच जागी परतायचं नाही. इस्त्रीने लावलेल्या नॅपकिनवर हा हात हलकेच टिपत दिला तर फुगण्याचा प्रश्न सहसा येत नाही, कारण तो आधीच सगळीकडे सारखा धरलेला असतो. तेलाचं पॉलियुरेथेन व्हार्निश सरळ कागदावर देऊ नका. ते कागदात मुरून तेलाचे पारदर्शक डाग पाडतं, आणि पुढे पिवळंही पडतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर हे पिवळेपण फार दिसतं. तिथे पाण्यावर चालणारंच बरं.

शेवटी राहिल्या कडा. त्या गोंदाने सपाट होत नाहीत, कितीही दाबा. कागदाला जाडी आहे, ती कुठेतरी लपवावी लागते. १८व्या शतकात व्हेनिसच्या कारागिरांनी पूर्वेकडच्या महागड्या लाखकामाची नक्कल करायला छापील चित्रं कापून फर्निचरवर चिकटवली आणि वर व्हार्निशचे इतके थर चढवले की कागद बुडूनच गेला. त्या कामांचा गुळगुळीतपणा कागद लावण्याच्या कौशल्यात जेवढा आहे तेवढाच, किंबहुना जास्त, व्हार्निशच्या थरांत आहे.

आपल्याला तितके थर नकोत, पण दोन-तीन हातांवर थांबून कड जाण्याची अपेक्षाही करू नये. नॅपकिनला चार-पाच पातळ हात पुरतात. तुमच्या जाड कागदाला आठ-दहा लागतील. मुळात कडच बारीक करून घेतली तर हे काम कमी होतं: कापताना कात्री किंचित बाहेर कलती धरा, म्हणजे कागदाची कड खालच्या बाजूला तासली जाते आणि वरून पांढरी रेघ दिसत नाही. तरी दिसली तर चिकटवण्यापूर्वी त्याच रंगाच्या पेन्सिलीने ती रंगवून घ्या. व्हार्निशच्या डब्यावर दोन हातांमधला जो वेळ लिहिला असेल तो पाळा, दमट दिवसांत वाढवा.

तिसऱ्या हातापर्यंत पॉलिश पेपरला हात लावू नका, नाहीतर सरळ छपाईवरच घासाल. त्यानंतर ४०० चा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सपाट ठोकळ्यावर घ्या आणि अगदी हलकेच फिरवा. उंच जागा दुधी होतील, खोलगट जागा चमकत राहतील. कडेच्या भोवती चमकणारी रेघ दिसली म्हणजे तिथे अजून खड्डा आहे. ओल्या फडक्याने चिखल पुसा, पूर्ण वाळू द्या, पुढचे दोन हात मारा, पुन्हा घासा. सगळी फळी एकसारखी दुधी झाली की थांबा. त्यावर शेवटचे एक-दोन हात, आणि आरशासारखी चकाकी नको असेल तर हे शेवटचे हात तेवढे मॅट घ्या. खालचे थर मॅट घेऊ नका, कारण मॅट व्हार्निशमधली भुकटी थरागणिक साठून चित्रावर धुकं आणते.

डेकूपाजचा तयार गोंद हाच वरचा थर म्हणून चालतो असं डब्यावर लिहिलेलं असतं, आणि भिंतीवरच्या चौकटीला तो चालतोही. कपाटाच्या वरच्या फळीला नाही. दमट हवेत तो पुन्हा चिकट होतो आणि ठेवलेली वस्तू उचलताना कागदासकट वर येते. त्यावर पाण्यावरचं पॉलियुरेथेन द्याच. तेही हाताला दोन तासांत कोरडं लागलं तरी आतून पुरतं कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतं. तोपर्यंत फळीवर जड कुंडी किंवा प्लास्टिकचं टेबलक्लॉथ ठेवू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, आणि खणांच्या कडा चौकटीला चिकटू नयेत म्हणून पहिले काही दिवस खण बोटभर उघडे ठेवा.